हाच का तो करंडा?

सकाळी इस्त्रीचे कपडे द्यायला खाली उतरले तर इस्त्रीवाल्याचं टेबल बंद. ताडपत्री खाली ओढून दोरीने करकचून बांधलेली. मंगळवार, सण नाही, पाऊस नाही. एकोणीस वर्षांत हा माणूस गावाला निघाला तर चार दिवस आधी दारोदार सांगून जाणारा. वॉचमनला विचारलं तर तो हसायलाच लागला. "मॅडम, तो आता फेमस झाला ना! तुम्ही बघितलं नाही?"

नव्हतं बघितलं. सोसायटीचा ग्रुप मी म्यूट करून ठेवलाय, पाणी कधी जाणार तेवढ्यापुरता उघडते. वर येऊन उघडला. आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाने केलेलं दीड मिनिटाचं रील. मागे बासरी. वर अक्षरं: "आपल्या कपड्यांची घडी घालणाऱ्या काकांच्या आयुष्याची घडी तुम्ही कधी उलगडून पाहिलीत?" खाली जोडलेले हात, रडके चेहरे, लाल बदाम. बघणारे चार लाखांच्या वर. आणि ग्रुपवर आमची मंडळी: "स्तुत्य उपक्रम", "डोळे पाणावले", "प्राउड ऑफ यू बेटा".

झाकली मूठ सव्वालाखाची म्हणतात. उघडली की चार लाखांची होते हे आज कळलं.

त्यात इस्त्रीवाला काय बोलला ते मी इथे पुन्हा लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांनी पाहिलंय, बाकीच्यांनी शोधायला जाऊ नका. सोसायटी कुठली तेही सांगत नाही. नौपाड्यातल्यांनी ओळखली असेल तर मनात ठेवा. कमेंटमध्ये लिहिलंत तर उडवीन.

दुपारी चारला ताडपत्री वर झाली तेव्हा परत खाली गेले. कोळशाची इस्त्री नुकती पेटवलेली, टेबलावर तीच करपलेली चादर, आणि हा मान खाली घालून एक पायजमा उगाच तिसऱ्यांदा दाबतोय. मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, "वहिनी, कपडे कमी येतात आता, माणसं जास्त येतात." (त्याचं मराठी एकोणीस वर्षांत माझ्या मुलापेक्षा बरं झालंय, हे जाता जाता.) काल एक साहेब गाडी थांबवून उतरले, पाचशेची नोट टेबलावर ठेवली, शेजारी उभं राहून फोटो काढला आणि गेले. कपडे? छे, कपडे कुठले.

मग म्हणाला, गावाहून फोन आला. रीलमध्ये टेबल दिसलं, ताडपत्री दिसली, मागची आमची कंपाउंडची भिंत दिसली. गावाला त्याने टेबल, ताडपत्री, भिंत असलं काही सांगितलेलं नव्हतं. पुढचं तुमचं तुम्ही समजा.

कुणाच्या बापाचं काय जात होतं हो, त्या गावात तसंच समजून राहिले असते तर?

एवढं वाचूनही कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगते. हो, पोराने त्याला विचारलं होतं. पोरगा वाईट नाही, मी त्याला दुपट्यात पाहिलाय. वाकून नमस्कार करतो, लिफ्टचं दार धरतो. "काका, तुमच्यावर एक व्हिडिओ करू का" असं रीतसर विचारलं, काका हो म्हणाले. झालं, संमती घेतली.

पण पोरगा कुणाचा? कमिटी मेंबरचा. आणि टेबल कशाच्या आधाराने उभं आहे? कमिटीच्या मेहेरबानीने. करार नाही, पावती नाही. उद्या कुणाच्या मनात आलं की गेटपाशी बरं दिसत नाही, की संपलं. त्या माणसाने कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं होतं?

हे मला आज त्या टेबलापाशी उभं राहून कळलं, आणि कळलं तेव्हा घशात काहीतरी अडकलं. कारण असंच एक "हो" मीही घेतलेलं आहे.

माझ्या जुन्या मैत्रिणींना माझी आत्या आठवत असेल. मी सहा वर्षांची असताना ती एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली आणि परत गेली नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. कुंकू लावायची. करंडा चांदीचा, झाकण जरा बसकं, आणि त्यात कुंकवाच्या खाली एक शर्टाचं बटण असायचं. पांढरं, चार भोकांचं, निळा दोरा तसाच अडकलेला. मला लहानपणापासून माहीत होतं. ते कुणाचं आणि का, हे मला तिने एकदाच सांगितलं, मी बी.ए.ला असताना, लाइट गेले होते तेव्हा.

१९९८ मध्ये मी एका छोट्या दिवाळी अंकात लेख लिहिला. पहिलाच. नाव बदललं, आत्याची मावशी केली, नौपाड्याचं डोंबिवली केलं. बटण मात्र तसंच ठेवलं, कारण बटणाशिवाय लेखात होतं काय? लिहिण्याआधी विचारलंही होतं, "आत्या, तुझ्यावर लिहू का गं?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "लिही की. तुला लिहायला आवडतं."

आता ठाण्यात दिवाळी अंक म्हणजे काय ते सांगायला नको. ज्या गावात ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे त्या गावात अंक विकत किती जण घेतात ते सोडा, वाचतात सगळे. एक अंक वीस घरं फिरतो. माझा लेख थंडी संपेपर्यंत आमच्या गल्लीत दोनदा फिरून आला होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू. आमच्याच घरी. समोरच्या काकू कुंकू लावून घेताना करंड्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "हाच का तो करंडा?" खोलीत पंधरा बायका. तिळगुळाची ताटली हातात धरून मी दारात. आत्या म्हणाली, "नाही हो. तो गोष्टीतला."

दुसऱ्या दिवशी करंडा घासून, पुसून, फडताळात पालथा घातलेला. बटण नाही. त्यानंतर ती गेली तोपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, टिकल्यांचं पाकीट वापरत होती. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की विचारलं होतं ना, हो म्हणाली होती ना. अगं पण ती राहत कुणाच्या घरी होती? भावाच्या. जेवत कुणाच्या पंगतीत होती? त्याच भावाच्या लेकीने विचारलं "लिहू का", तर ती काय म्हणणार होती?

संध्याकाळी भाच्याला फोन लावला. ठाणे कोर्टात वकिली करतो. म्हटलं, याला काही कायदाबियदा आहे की नाही? तर तासभर सुटलाच. म्हणाला, मावशी, खरक सिंग नावाचा एक माणूस सुप्रीम कोर्टात गेला होता, त्याचा निकाल १९६२ मध्ये लागला. उत्तर प्रदेशातला. पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठावून घरात बघून जायचे. कोर्टाने त्या रात्रीच्या फेऱ्या थांबवल्या, पण खासगीपणाचा हक्क म्हणाल तर तसला काही हक्क आपल्या घटनेत दिलेला नाही, असंही सांगितलं. तो हक्क आहे, मूलभूत आहे, हे नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. तेही आधारच्या निमित्ताने, आणि त्यासाठी कोर्टात गेले ते पुट्टस्वामी, स्वतः निवृत्त न्यायाधीश, ऐंशी उलटलेले. म्हणजे जवळजवळ पंचावन्न वर्षं. आमच्या इस्त्रीवाल्याने एवढं थांबायचं कुठे, ताडपत्रीखाली?

त्यातलं मला सगळ्यांत लागलं ते १९९४ चं. तमिळनाडूत फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं, त्यात मोठ्या अधिकाऱ्यांची नावं, एक साप्ताहिक ते छापणार, अधिकारी हादरले. कोर्ट म्हणालं, सरकारी कागदपत्रांत जेवढं आहे तेवढं छापा, अधिकाऱ्यांच्या कामकाजावर खुशाल लिहा. पण माणसाचं घर, लग्न, मूलबाळ, शिक्षण, या गोष्टी त्याच्या संमतीशिवाय छापायच्या नाहीत. खरं असो की खोटं, स्तुती असो की निंदा. भाच्याला हे दोनदा वाचून दाखवायला लावलं. स्तुती असो की निंदा! ग्रुपवर टाकणार होते. नाही टाकलं. टाकलं असतं तर "काकू, पॉझिटिव्ह राहा" आलं असतं.

मान्य आहे, दुसऱ्याच्या आयुष्यात मलाही रस आहे. आत्मचरित्रांवर पोसलेली बाई आहे मी. लक्ष्मीबाई टिळकांनी लिहून ठेवलं नसतं तर आपल्याला काय कळलं असतं? दया पवारांनी १९७८ मध्ये 'बलुतं' लिहून स्वतःला उघडं केलं नसतं तर आपल्यासारख्या नौपाड्यातल्यांनी कधी त्या दलित वस्तीतल्या गल्ल्यांत पाऊल टाकलं असतं का? नसतं. आणि स्वतःचं सांगताना घरातल्यांचंही सांगितलं जातंच, तेही खरं. पण लेखणी त्यांच्या हातात होती. भिंतही दुसऱ्याची नव्हती.

आणि लेडीज डब्यात बावीस वर्षं ठाणे ते सीएसएमटी मी काय केलं? चौकशाच केल्या. कुठल्या तुम्ही, माहेरचं आडनाव काय, सासू बरोबर असते का. कळव्याच्या एका बाईच्या घटस्फोटाच्या सगळ्या तारखा मला पाठ होत्या. पण तिलाही माझ्या सासूची सगळी आजारपणं पाठ होती. शेजारची वाटी रिकामी परत करू नये, तसला व्यवहार तो. भाजी आली की लोणचं जायचं. त्या पोराची वाटी इस्त्रीवाल्याकडे कधी आली? तो बारावीला कितीदा बसला हे कुणी बासरी लावून सांगितलं का? (सॉरी. हे लिहायला नको होतं. राहू दे आता, पण त्याच्या आईला दाखवू नका.)

खरं तर त्या माणसाकडे आमच्या सगळ्यांच्या वाट्या आहेत, आणि हे कुणाच्या लक्षातच नाही. कुणाकडचे ऑफिसचे शर्ट महिनाभर आले नाहीत म्हणजे नोकरी गेली, हे त्याला बायकोच्या माहेरच्यांआधी कळतं. कुणाच्या गठ्ठ्यातून पुरुषाचे कपडे एकदमच नाहीसे होतात. कुणाकडे अचानक तान्ह्याची झबली येतात, कुणाकडे येता येता थांबतात. माझ्या सासऱ्यांचं धोतर यायचं बंद झालं त्या आठवड्यात त्याने गठ्ठा दिला तेव्हा नुसती मान हलवली होती. वरच्या मजल्यावरचं एक मोठं प्रकरण, जे आम्हा बायकांना दीड वर्षाने कळलं, ते त्याला पहिल्या महिन्यात माहीत असणार. एकोणीस वर्षं, दोन विंगा, एक शब्द बाहेर नाही. त्याने रील काढायची ठरवली तर आमच्या सोसायटीत एकाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि त्याला म्हणे आम्ही "उलगडून" बघितलं.

बरं, रील काढून टाकलंय. मी पोराच्या आईला फोन केला होता, जरा चढ्या आवाजातच. ती आधी चिडली, मग गप्प झाली, रात्री आठला पोराचा मेसेज आला, "काकू, डिलीट केलं. मला वाटलं त्यांना मदत होईल." मला वाटलं! मलाही असंच वाटलं होतं, आत्याचं दुःख लोकांना कळेल. त्याला काय बोलणार. तीन ग्रुपवर पुढे गेलंय ते आता कोण काढणार, हा प्रश्न मी विचारला नाही, त्याला रात्री झोप लागू दे.

कुणीतरी आता म्हणेल की तूही आज आत्याला परत चव्हाट्यावर आणलंस, आणि इस्त्रीवाल्यालाही. आणलंय. कसं लिहायचं होतं त्याशिवाय, मला सुचलं नाही. पण ते बटण कुणाचं होतं आणि का, हे १९९८ मध्ये छापलं होतं, ते आज लिहीत नाहीये. विचारू नका. ज्यांच्याकडे तो अंक असेल त्यांनी रद्दीत घालावा.

साडेआठला बेल वाजली. गठ्ठा घेऊन तो दारात. नेहमीसारखे मोजून दिले, सहा शर्ट, एक कुर्ता, सत्तर रुपये. सगळ्यांत वर एक कागद, नीट चौघडी करून ठेवलेला. ह्यांच्या खिशातला. चिठ्ठ्या, तिकिटं, नोटा, जे सापडेल ते तो असंच वर ठेवतो. कागद कसला होता ते सोडा. माझ्यासाठीही ती बातमीच होती. त्याने उलगडून बघितला होता की नाही, मला माहीत नाही. "उद्या कपडे आहेत का वहिनी?" म्हणाला. म्हटलं, आहेत, दोन साड्या आहेत.