फियाट नाजूक, अँबेसिडर अमर? जरा बॉनेट उघडून बोलू

पंधरा दिवसांत आमच्या परभणीच्या तीन ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अँबेसिडर म्हणजे रणगाडा, कधी बंद पडत नाही, म्हणून तर सरकारने वापरली. फियाट, म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, मराठवाड्याच्या उन्हात टिकत नाही. अँबेसिडरचे पार्ट गल्लोगल्ली मिळतात, रंग मारला की गाडी नवी. आणि व्हिंटेज पासिंग केलं की आरटीओची कटकट संपली. आमच्या अंगणात दोन्ही उभ्या आहेत, वडिलांची अँबेसिडर आणि माझी पद्मिनी. त्यामुळे गप्प बसवेना.

सरकारने वापरली म्हणून भरवशाची? अहो, तेव्हा बाजारात गाड्या होत्याच किती! शिवाय साहेबांच्या गाडीला पगारी ड्रायव्हर असे. सकाळी पाणी-ऑइल बघणार, पुढच्या चाकांच्या सांध्यांना वेळेवर ग्रीस मारणार. ते ग्रीस चुकलं की अँबेसिडरचं स्टेअरिंग कसं जड होतं, ते वडिलांच्या खांद्याला विचारा. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने दिवसरात्र राबून दशकं काढली. ती नाजूक कशी?

उन्हाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ब्लॉक (मुख्य ठोकळा) बिडाचा आणि हेड (त्याच्यावर बसणारं झाकण) अॅल्युमिनियमचं. जास्त तापलं की हेड वाकतं, दोन्हींमधलं गॅसकेट जातं, पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर सायीसारखा पांढरा थर दिसतो. अँबेसिडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाचं हेडही बिडाचंच, ते बरंच सोसतं. पण गाडी तापते कशाने? माझी जिंतूर रोडला दोनदा उकळली. रेडिएटरवाल्याने वरची टाकी झाळ काढून उघडली, तर आत बोअरच्या पाण्याचा खार नळ्यांच्या तोंडाशी पापुद्र्यांसारखा बसलेला. वर्षानुवर्षं आम्हीच हापशाचं पाणी ओतत होतो! नळ्या साफ केल्या, कूलंट भरलं, आणि मेच्या दुपारी नांदेड गाठलं. तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. उन्हात इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर थंडाव्यासाठी ओला फडका टाकायची वेळ तर दोघींवरही येते.

पार्टांचं बोलायचं तर अँबेसिडरचं उत्पादन कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात २०१४पर्यंत चाललं, पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी थांबली. त्यामुळे अँबेसिडरचं इंजिनकाम सोपं, हे मान्य. पण अँबेसिडर म्हणजे कोणती? जुनं पेट्रोल इंजिन वेगळं, डिझेल वेगळं, नंतरचं इसुझूचं १.८ लिटर वेगळं. पुढची जाळी आणि दिवेही मार्कागणिक, म्हणजे मॉडेलच्या प्रत्येक आवृत्तीत, बदलले. वडिलांच्या मार्क-२ची जाळी शोधण्यात आमचे आठ महिने गेले.

‘रंग मारला की नवी’ या वाक्यावर सगळ्यात जास्त पैसे बुडतात. दोन्ही गाड्यांना खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो. म्हणजे मॅटखालचा किंवा दाराखालचा पत्रा सडला तर ते काम दिसण्यापुरतं राहत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. आपल्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी त्या बाबतीत नशीबवान. माझी मुंबईहून आणलेली. विकणाऱ्याने चकाचक करून दिली होती. घरी आल्यावर फ्रिजवरचं लोहचुंबक दाराखाली लावलं तर ते खाली पडलं. वीतभर पुढे लावलं, तिथेही पडलं. पत्रा नाहीच, रंगाखाली नुसती भरलेली पुटी! इंजिनाला लागले त्याच्या तिप्पट पैसे त्या पत्र्याला लागले. अँबेसिडरचा पत्रा जाड म्हणतात, पण सडल्यावर कापायला आणि जोडायलाही ती तेवढीच मोठी.

राहिलं व्हिंटेज पासिंग. २०२१च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, मूळ रूपातल्या गाडीलाच व्हिंटेजचा, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. फी २०,००० रुपये. आणि त्यावर रोज बाजारात जाता येत नाही; प्रदर्शन, रॅली अशा कामापुरतीच गाडी रस्त्यावर. माझी पद्मिनी १९८८ची, म्हणजे तिचा नंबर २०३८मध्ये. तोवर दर पाच वर्षांनी फेरनोंदणीसाठी आरटीओच्या मैदानात रांग, आणि इन्स्पेक्टरसमोर चालू होणारा हॉर्न.