फ्लू, लिव्हर आणि डिस्प्रिनचा जीवघेणा सल्ला

कोथरूडमधल्या माझ्या औषधाच्या दुकानात गेल्या आठवड्यात चार जणांनी एकच मेसेज दाखवला. त्यात लिहिलंय : ‘फ्लूचा विषाणू थेट लिव्हर खातो. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने माणसं गेली ती लिव्हरमुळेच. एसजीपीटी (रक्ततपासणीतला लिव्हरच्या एन्झाइमचा आकडा) वाढलं की लिव्हर गेलं समजा. पॅरासिटामॉल विष आहे, मुलांना डिस्प्रिन द्या. गुळवेलीचा काढा महिनाभर प्या.’ यातली एक सूचना लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून आधी तीच घेते.

डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ते दिलं तर ‘रे सिंड्रोम’चा धोका असतो. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर डग्लस रे यांनी १९६३ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. ताप उतरत आलेला असतो आणि मूल अचानक सारख्या उलट्या करू लागतं, मग गुंगीत जातं, बरळतं. यकृतात चरबी साठते, रक्तात अमोनिया वाढतो, मेंदूला सूज येते. कावीळ सहसा दिसत नाही, त्यामुळे लिव्हरचा संशयही कुणाला येत नाही. अमेरिकेत १९८० साली असे ५५५ रुग्ण नोंदले गेले. मग इशारे दिले गेले, ते पाकिटांवर छापले गेले, आणि १९९४ ते १९९७ या काळात वर्षाला दोनपेक्षा जास्त रुग्ण सापडले नाहीत. म्हणजे लिव्हर वाचवायला म्हणून हा मेसेज नेमकी तीच गोळी सुचवतोय! (आजोबांची हृदयासाठीची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी वेगळी. ती परस्पर बंद करू नका.)

पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित आहे, जास्त झालं तर मात्र ते खरोखर लिव्हर जाळतं. त्यातून तयार होणारा एक विषारी घटक निष्प्रभ करायला यकृताकडे ठरावीकच साठा असतो. आणि मात्रा जास्त होते ती नकळत. समजा, ६५०ची गोळी दिवसातून चार वेळा घेतली, म्हणजे २६०० मिलिग्रॅम. सोबत ‘सर्दीची गोळी’ तीन वेळा. तिच्यात बहुतेकदा ५०० पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे आणखी १५००. एकूण ४१००. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००. रोज दारू घेणाऱ्यांना आणि लिव्हरचा आजार असलेल्यांना डॉक्टर याहून बरीच कमी मात्रा सांगतात. मुलांच्या सिरपमध्ये तर ५ मिलीत १२५ आणि ५ मिलीत २५० अशा दोन ताकदी मिळतात. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, तर मात्रा दुप्पट होते. मुलाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून मी प्रत्येक आईला आधी वजन विचारते.

२००९ बद्दल. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू त्या ऑगस्टमध्ये आपल्याच शहरात झाला. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा मला अजून आठवतात. पण या आजारात माणसं दगावतात ती मुख्यतः फुप्फुसांमुळे. न्यूमोनिया होतो, ऑक्सिजन घटतो. ऑक्सिजन आणि रक्तदाब फार खाली गेला की लिव्हरलाही मार बसतो, तेव्हा रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स (एसजीपीटी, एसजीओटी) हजारांत जातात. ते अतिदक्षता विभागातलं चित्र आहे, साध्या फ्लूचं नव्हे.

एसजीपीटी थोडं वाढणं अनेक विषाणूजन्य तापांत दिसतं आणि बहुतेकदा आपोआप उतरतं. एसजीओटी तर स्नायूंतूनही येतं. फ्लूनंतर मुलाच्या पोटऱ्या दुखत असतील तर तेही कारण असू शकतं. लिव्हर काम करतंय का, हे बिलिरुबिन (काविळीत वाढणारं रंगद्रव्य) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) पाहून कळतं. पावसाळ्यात मात्र आकडा वाढला तर सगळं फ्लूवर ढकलू नका. डेंग्यू, लेप्टो (पावसाच्या साचलेल्या पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप), दूषित पाण्याची कावीळ यांची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या.

राहिली गुळवेल. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, दुसऱ्याच वेलीशी गल्लत झाली असेल असंही म्हटलं. माझ्या दृष्टीने ही गल्लत होऊ शकते हीच मोठी अडचण आहे, कारण पिशवीतली काडी कुठल्या वेलीची हे मलाही ओळखता येत नाही. शिवाय डॉक्टर ‘कोणती औषधं चालू आहेत?’ विचारतात, तेव्हा काढ्याचं नाव कुणी घेतच नाही.