सीबीजी, गांजा आणि काकूंचे गुडघे

काका, नमस्कार.

गांजाच्या झाडातल्या सीबीजी या द्रव्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की मी 'गांजाला गोंडस नाव देऊन पुणेकरांच्या गळ्यात मारतोय', नशाच होत नसेल तर ते घ्यायचं कशाला, आणि लेख वाचून काकू गुडघ्यांसाठी बाटली मागवायला निघाल्यात. मला काकूंची काळजी जास्त वाटते, पण आधी तुमच्या आरोपाचं बघू.

नशा चढते ती गांजाच्या झाडातल्या टीएचसी या द्रव्याने. सीबीजी, म्हणजे कॅनाबिजेरॉल, त्याच झाडात असतं, पण त्याने नशा चढत नाही. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलम या शास्त्रज्ञांनी ते शोधलं. टीएचसीची रचनाही त्यांनी त्याच वर्षी उलगडली. साहजिकच सगळे टीएचसीच्या मागे लागले. झाडात आधी सीबीजीचं आम्लरूप तयार होतं आणि त्यातूनच पुढे टीएचसीची आणि सीबीडी या नशा न आणणाऱ्या द्रव्याची आम्लरूपं बनतात. एकाच पिठातून इडली, डोसा, उत्तप्पा निघावा तसं. तयार झाडात सीबीजी बहुतेकदा एक टक्क्याच्याही आत उरतं. महाग आहे ते त्यामुळेच.

आता 'घ्यायचं कशाला' हा प्रश्न. तो अगदी रास्त आहे आणि प्रत्येकाने विचारायलाच हवा. उंदरांवर आतड्याच्या सुजेसाठी आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी चांगले निष्कर्ष आलेत. माणसांवरचं काम अजून फार थोडं आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाची चाचणी प्रसिद्ध झाली : ३४ माणसं, २० मिलिग्रॅम सीबीजी, तुलनेला खोटा डोस. चिंता आणि ताण कमी झाल्याचं दिसलं. पण ती सगळी निरोगी माणसं होती, गांजाची सवय असलेली. गुडघेदुखीचा तिथे प्रश्नच नव्हता. एवढ्यावरून कुणी 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणत असेल तर तो माल खपवतोय.

आणि माल कसा खपतो तेही बघा. आमच्या सोसायटीतल्या एका मावशींनी ऑनलाइन मागवलेली बाटली मला दाखवली. पुढे हिरवं पान, ठळक अक्षरांत 'हेम्प'. मागे बारीक अक्षरांत घटक एकच : भांगेच्या बियांचं तेल. कॅनाबिनॉइडचं, म्हणजे सीबीजी-सीबीडीसारख्या द्रव्याचं, नाव नाही, मिलिग्रॅमचा आकडा नाही. असणार कुठून? ही द्रव्यं फुलोऱ्यात असतात, बियांत जवळजवळ नसतातच. बियांचं तेल खाद्य म्हणून उत्तम आहे, एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये त्याला मान्यताही दिली. पण ते सीबीजी नव्हे, आणि मावशींनी पैसे मोजले होते ते औषधाचे.

कायद्याचंही तुम्ही विचारलंत. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून आपल्याकडे पानांचा अर्क 'विजया' या नावाने आयुर्वेदिक औषधांत येतो, तोही वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायचा असतो.

काकूंना रक्तदाबाची गोळी चालू आहे का? सीबीजीने उंदरांचा रक्तदाब उतरलेला दिसलाय, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको. रक्त पातळ करायची गोळी असेल तर सीबीडी मिसळलेली बाटलीसुद्धा नको, वॉरफेरिन या अशाच एका गोळीचा परिणाम त्याने वाढू शकतो. आणि बाटली आधीच घरी आली असेल, तर मागच्या लेबलचा फोटो पाठवा. आत नेमकं काय आहे ते मी वाचून सांगतो.