गायब खेळाडूची शिक्षा आणि उरलेल्या चौघांचा वेळ

ऑनलाइन गेमच्या पाच विरुद्ध पाच अशा रँक्ड सामन्यात, म्हणजे निकालावर खेळाडूचे गुण आणि क्रम ठरतात अशा सामन्यात, एखादा टीममेट मधेच एएफके झाला, म्हणजे खेळ चालू ठेवून स्वतः उठून गेला, तर पुढची चर्चा ठरलेली असते: त्याला रिपोर्ट करा, बॅन करा, आठवडाभर खेळू देऊ नका. हा राग मला पूर्णपणे समजतो. मात्र त्या गायब माणसाला उद्या शिक्षा झाली, तरी आज उरलेल्या चौघांना हरण्याची जवळजवळ खात्री असलेला सामना अर्धा-पाऊण तास ओढत न्यावा लागतो आणि वर स्वतःचे गुणही गमवावे लागतात. माझ्या मते या प्रश्नाचा विचार या चौघांपासून सुरू व्हायला हवा आणि शिक्षेचा विचार त्यानंतर.

मुळात शिक्षा नेमकी कोणाला करायची, हेच सर्व्हरला नीट कळत नाही. त्याला एवढेच दिसते की अमुक खेळाडूकडून कळ दाबल्याचा संदेश येणे थांबले आहे. लाईट गेली, राउटर बंद पडला, मोबाईलवर बीजीएमआय खेळताना नेमका घरचा फोन आला, की दोन वेळा मेल्यावर रुसून हेडफोन काढून ठेवले, हे सर्व त्याच्या दृष्टीने एकच आहे. व्हॅलोरंट या गेमचा सर्व्हर मुंबईत असल्याने आपल्याकडच्या खेळाडूंना पिंग चांगला मिळतो, म्हणजे सर्व्हरचा प्रतिसाद लवकर येतो, पण पावसाळ्यात तालुक्याच्या गावातली वीज आणि इंटरनेट त्यामुळे सुधारत नाहीत. म्हणून एका प्रसंगावरून कठोर शिक्षा करण्याच्या मी विरोधात आहे. काउंटर स्ट्राइक या गेमने बरीच वर्षे वापरलेली पद्धत मला त्यातल्या त्यात न्याय्य वाटते: पहिल्या वेळी 30 मिनिटांची बंदी, मग 2 तास, मग 24 तास, मग 7 दिवस, आणि मधला काळ नीट वागून काढला, तर ही पायरी पुन्हा खाली येते. ज्याची लाईट खरोखरच गेली होती, त्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्याला सवयच आहे, तो आपोआप वरच्या पायरीवर पोहोचतो.

आता उरलेल्या चौघांकडे वळू. लीग ऑफ लेजंड्समध्ये आणि व्हॅलोरंटमध्ये रिमेकची सोय आहे: एखादा खेळाडू सुरुवातीपासूनच हजर नसेल, तर बाकीचे मतदान करून सामना रद्द करू शकतात आणि त्यांच्या रँकला धक्का लागत नाही. सोय चांगली आहे, परंतु तिची खिडकी अगदी लहान आहे. सुरुवातीचा तेवढा वेळ टळला आणि त्यानंतर माणूस गेला, तर सामना असा रद्द करता येत नाही. डोटा 2 मध्ये याहून मोकळा विचार दिसतो. तिथे कनेक्शन तुटलेल्या खेळाडूला परत येण्यासाठी 5 मिनिटे मिळतात. तो आला नाही, तर त्याने सामना सोडला असे धरले जाते, इतरांना शिक्षेविना बाहेर पडण्याची मुभा मिळते आणि ज्यांना तरीही लढायचे आहे, त्यांच्यात गेलेल्याचे सोने, म्हणजे खेळातले चलन, वाटले जाते. सोडून जाणाऱ्याची रवानगी लो प्रायॉरिटीच्या, म्हणजे शिक्षा झालेल्यांच्या वेगळ्या रांगेत होते आणि तिथून सुटण्यासाठी नुसते खेळून भागत नाही, ठरावीक सामने जिंकावे लागतात. तेही आपल्यासारख्याच पळपुट्यांना सोबत घेऊन. (ही शिक्षा ज्याने कोणी योजली, त्याला मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असावा.)

कमी माणसांनी खेळणाऱ्या संघाला नियमांनीच आधार द्यावा, ही कल्पना आपल्याला नवी वाटण्याचे कारण नाही. कबड्डीत प्रतिपक्षाचे सहा किंवा त्याहून अधिक गडी मैदानात असतील, तरच चढाई करणाऱ्याला बोनस रेषेचा गुण मिळतो. आणि प्रो कबड्डीत मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडले, तर एकाऐवजी दोन गुण दिले जातात. संघ दुबळा झाला म्हणून सामना थांबत नाही, पण त्याला लढत राहण्याचे कारण मिळते. ऑनलाइन खेळांत असे प्रयत्न तुरळकच झाले आहेत. काउंटर स्ट्राइकने एका खेळाडूने कमी असलेल्या संघाला शस्त्रे घेण्यासाठी खेळातले जादा पैसे देण्याची तरतूद केली, ती याच जातीची आहे. शस्त्रे बरी मिळाली म्हणून चौघे पाचांना सहज हरवतात असे नव्हे. मात्र चौघांनी पुढची प्रत्येक फेरी गंभीरपणे खेळावी, एवढे तरी त्यातून साधते.

जाणूनबुजून निष्क्रिय राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि तिथे मला दया येत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधील अल्टेरॅक व्हॅली या 40 विरुद्ध 40 खेळाडूंच्या रणांगणात कित्येक जण आत शिरून एका गुहेत स्वस्थ उभे राहत आणि इतरांच्या लढण्यावर मानाचे गुण कमावत. चाळीस जणांच्या गर्दीत एकाची अनुपस्थिती जाणवत नाही, हे त्यांनी बरोबर हेरले होते. अखेर सहखेळाडूंना त्यांची तक्रार करण्याची सोय द्यावी लागली. पुरेशा तक्रारी झाल्या, की त्या खेळाडूला गुण मिळणे बंद होई आणि प्रत्यक्ष लढाईत उतरल्यावरच त्याच्यावरचा निष्क्रियतेचा शिक्का पुसला जाई. टीम फोर्ट्रेस 2 मध्ये नुसते हजर राहिले तरी वस्तू मिळत, म्हणून काही जणांनी खेळाचा आभास करणारे प्रोग्रामच वापरले. 2009 साली कंपनीने अशा लोकांच्या तशा मिळवलेल्या वस्तू काढून घेतल्या आणि बाकी सर्वांना डोक्यावर मिरवायचे एक तेजोवलय भेट दिले. माझ्या मते दोन्ही ठिकाणी मूळ चूक रचनेची होती: हजेरीला बक्षीस ठेवले, तर नुसती हजेरी लावणारेच जमणार.

तक्रारीच्या सोयीबाबत मात्र एक धोका सांगितला पाहिजे. चार मित्र एकत्र खेळत असतील आणि पाचवा अनोळखी असेल, तर त्याच्या वाईट खेळालाही निष्क्रियता ठरवून त्याला बाहेर काढणे या चौघांना सहज शक्य असते. शिवाय जो खरोखर अंग काढून घेतो, तो अनेकदा एका जागी उभाही राहत नाही. निष्क्रिय खेळाडू ओळखणारी यंत्रणा फसावी म्हणून आपल्या संघाच्या तळावर गोल गोल फिरत राहतो. त्यामुळे टीममेटच्या मतांवर निकाल देऊ नये. सामन्याची नोंद तपासण्याचे निमित्त एवढेच त्या मतांचे स्थान असावे.

क्लॅश ऑफ क्लॅन्ससारख्या खेळात हाच प्रश्न किती सौम्य होतो, हे पाहण्यासारखे आहे. क्लॅनमधील, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटातील, माणसे एकमेकांना ओळखतात, परीक्षा किंवा घरचे लग्न असेल तर युद्धासाठी उपलब्ध नसल्याची लाल खूण आधीच लावून ठेवता येते, आणि खूण हिरवी ठेवूनही कोणी आपले दोन्ही हल्ले वाया घालवले, तर त्याचे काय करायचे हे क्लॅनचा लीडर ठरवतो. अनोळखी पाच जणांना काही सेकंदांत एकत्र आणणाऱ्या खेळात ही ओळख नसते, म्हणून तिथे नियमच अधिक विचारी हवेत.

माझी मागणी एवढीच आहे, की सामन्याचा मोठा भाग एका माणसाविना खेळावा लागला, तर उरलेल्यांच्या पराभवाची किंमत कमी धरावी. यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: हरायला लागले की लोक आपल्यातल्याच एकाला बाहेर पडायला सांगतील आणि रँक वाचवतील. लीग ऑफ लेजंड्समध्ये अशी सवलत आहे आणि तिथे या वाटेचा विचार केलेला दिसतो. सोडून जाणाऱ्यासोबत एकत्र रांगेत आलेल्या मित्रांना ती मिळत नाही. अनोळखी टीममेटला शिव्या देऊन हाकलण्याचा धोका मात्र त्यानंतरही उरतो. म्हणूनच सवलत पूर्ण नसावी, पराभवाचा काही भाग तरी चौघांच्या खात्यावर राहावा, आणि कोणी सामना सोडण्याआधी चॅटमध्ये त्याला काय काय बोलले गेले, तेही शिक्षा ठरवताना वाचले जावे.