हू म्हणजे ‘जो’ हे आधी फळ्यावरून पुसा

रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे नामाबद्दल माहिती देणारं हू-विचचं उपवाक्य, शिकवायला घेतला की फळ्यावर पहिली ओळ ठरलेली असते. हू म्हणजे जो, विच म्हणजे जे, हूज म्हणजे ज्याचा. मुलं वहीत उतरवतात, पाठ करतात आणि मग आयुष्यभर ‘द मॅन हू केम येस्टरडे, ही इज माय अंकल’ असं बोलतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या वह्या तपासताना हे वाक्य इतक्या रूपांत भेटतं की आता मुलांचा राग येत नाही, त्या फळ्यावरच्या ओळीचा येतो.

तो ‘ही’ येतो कुठून? आपल्या जोडीतून. मराठीत ‘जो’ एकटा येत नाही, मागून ‘तो’ यावाच लागतो. ‘जो माणूस काल आला तो माझा काका.’ मुलाला हू म्हणजे जो असं सांगितलंत, तर ‘तो’ कुठे ठेवायचा हा प्रश्न त्याला पडणारच, आणि तो प्रामाणिकपणे ‘ही’ ठेवून मोकळा होतो. इंग्रजीला हे काम एकाच सर्वनामात भागवायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

बरं, आपण घरी असं बोलतो तरी का? ‘जो माणूस काल आला तो’ असं जेवताना कोण म्हणतं? आपण ‘काल आलेला माणूस’ म्हणतो. ‘मी वाचलेलं पुस्तक’, ‘दूध घालणारा पोरगा’, ‘न धुतलेले कपडे’. जो-तो आपण म्हणींसाठी (ज्याच्या हाती ससा तो पारधी), भाषणांसाठी आणि व्याकरणाच्या पेपरसाठी राखून ठेवलाय. गंमत म्हणजे इंग्रजीतही ‘ही हू लाफ्स लास्ट’ ही रचना म्हणींतच उरली आहे. तेव्हा हूचं खरं नातं ‘जो’शी कमी आणि ‘आलेला, वाचलेलं, घालणारा’ यांच्याशी जास्त आहे. फरक एवढाच की आपण सगळे डबे आधी जोडतो आणि इंजिन शेवटी लावतो, तर इंग्रजीत इंजिन पुढे. ‘काल आलेला’ हे सगळं उचलून ‘माणूस’च्या मागे न्यायचं आणि सांध्यावर हू बसवायचा. हे कळलं की मुलगा दुसरा ‘ही’ घालत नाही, कारण ‘काल आलेला माणूस’मध्ये ‘तो’ कुठेच नसतो.

आपल्याकडे आणखी एक रचना आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत सुंदर आहे. ‘मी राहतो ती खोली’, ‘तू म्हणतोस ते खरं’. इथे ‘जो’ सरळ गिळलेला आहे. इंग्रजीही हेच करतं: ‘द रूम आय लिव्ह इन’. पण दोन खड्डे आहेत. पहिला असा की आपण ‘काल आला तो माणूस’ बिनधास्त म्हणतो, तिथे इंग्रजी हू गाळू देत नाही. जो येतो, जातो, करतो, त्याचा हू ठेवावाच लागतो. ज्याला आपण पाहिलं, भेटलो, त्याचा गाळला तरी चालतो. दुसरा खड्डा त्या ‘इन’चा. ‘मी राहतो ती खोली’ म्हणताना आपला ‘-त’ प्रत्यय कुठे गेला ते आपल्यालाच दिसत नाही, म्हणून मुलं ‘द रूम आय लिव्ह’ लिहून थांबतात. त्यांना ‘इन’ शेवटी ठेवायला शिकवावं, तर कुणीतरी सांगतं, वाक्य प्रिपोझिशनने (इन, ऑन अशा शब्दाने) संपवू नये! ही अढी जुनी आहे. इंग्रज कवी ड्रायडनने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनची चूक म्हणून हे दाखवलं आणि पुढे १६८४ च्या आवृत्तीत स्वतःच्या जुन्या निबंधातली अशी वाक्यं बदलली. इंग्रज मात्र आजही घरात ‘द रूम आय लिव्ह इन’च म्हणतात.

तसंच दॅट आणि विचचं सोवळं. इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६ मध्ये त्यात सुचवलं की नेमकं कोणतं ते सांगायचं असेल तर दॅट आणि जादा माहिती द्यायची असेल तर विच. पण बहुतेक लेखक असं लिहीत नाहीत, हेही त्यानेच तिथे कबूल केलं. अमेरिकन संपादकांनी सूचनेचा नियम केला. त्याच अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट पर्ल हार्बरनंतर ‘अ डेट विच विल लिव्ह इन इन्फमी’ म्हणाले होते. यासाठी आपल्या पोरांचे मार्क कापणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. ‘हूम’बद्दल तर बोलतच नाही.

जिथे खरोखर डोळ्यांत तेल घालायला हवं ती गोष्ट म्हणजे स्वल्पविराम, आणि तिच्यावर वर्गात दहा मिनिटंही जात नाहीत. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ‘मेंबर्स हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स विल बी फाइन्ड’ लिहिलं तर थकबाकीदारांना दंड. मेंबर्सनंतर एक आणि मेंटेनन्सनंतर एक स्वल्पविराम टाका, आता सगळेच सभासद थकबाकीदार ठरले आणि सगळ्यांना दंड. मराठीत ‘मेंटेनन्स न भरलेले सभासद’ असा गट वेगळा काढता येतो, इंग्रजीत तो भार दोन टिंबवजा खुणांवर. सेक्रेटरीने हे समजून घेतलं तर वार्षिक सभा अर्धा तास आधी संपेल.

शिक्षक मित्रांनो, ‘दोन वाक्यं हू वापरून जोडा’ हा प्रश्न एकदा बाजूला ठेवा. त्याऐवजी वर्गाला हे द्या: ‘आईने काल मंडईतून आणलेल्या वांग्यांत अळ्या निघाल्या.’ इंग्रजी करायला सांगा आणि आधी एवढंच पाहा की कितीजण वांग्यांपासून सुरुवात करतात आणि कितीजण आईपासून. आईपासून करणाऱ्यांना चूक म्हणू नका, फक्त विचारा की अळ्या कशात निघाल्या. बहुतेकजण पुढचं स्वतःच करतील.