तिबोटी आणि तीन बोटं

तिबोटी खंड्या पावसाबरोबर कोकणात येतो, ओढ्याकाठच्या मातीत बीळ खणतो आणि संसार थाटतो. त्याचं चित्र जलरंगात काढायचं, तर तेही जून-जुलैतच. म्हणजे कागद ओल्या घावनासारखा लुळा पडलेला असतो तेव्हा. आमच्या दापोलीकडच्या पडवीत सकाळी दिलेला हात रात्री जेवणं झाली तरी वाळत नाही. शेवटी आई चित्र न्हाणीच्या चुलीवरच्या दोरीला लावते, बाबांच्या बनियनशेजारी.

अमेरिकेतला पक्षीचित्रकार ऑड्युबॉन, त्याचं बरं होतं. तो पक्षी आधी मारायचा, मग तारांनी हवा तसा उभा करायचा. शिवाय हट्ट असा, की प्रत्येक पक्षी खऱ्या मापाचा हवा. १८२७ ते १८३८ या काळात त्याने ४३५ चित्रं छापून काढली. भल्याथोरल्या कागदावरही रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मावेना, म्हणून बिचाऱ्याला मान खाली घालायला लावली. माझा पक्षी चोचीसकट जेमतेम १३ सेंटिमीटर. खऱ्या मापाची हौस शाळेच्या वहीतही भागते.

पण तो बसेल तर ना! निळी-केशरी रेघ सुपारीतून सुळकन जाते, तेवढंच दर्शन. त्यातला निळा तर ट्यूबमधून येतच नाही. पिसात निळं रंगद्रव्य नसतंच मुळी, पिसाच्या बारीक रचनेवर उजेड विखुरतो म्हणून तो दिसतो. आमच्या पडवीत उजेड कुठला? वीज असली तर.

“मोबाइल आहे ना? मग फोटो काढ की,” शेजारचे अण्णा म्हणतात. अहो, फोटोत पोटावर पानाची सावली पडते, पाय फांदीआड जातात. चित्रात पिवळं पोट, डोक्यावरची जांभळी झाक, केशरी चोच, सगळं एकाच बैठकीत दाखवता येतं. म्हणून तर पक्षी ओळखायच्या कितीतरी पुस्तकांत अजून चित्रंच असतात.

अण्णांनी चष्मा पुसला, चित्र डोळ्यांजवळ धरलं.

“पायाला तीनच बोटं?”

“तीनच असतात, अण्णा. तिबोटी.”

“असूं देत. पण घरात लावायचं चित्र, चौथंही रंगव. लोक म्हणतील, पोराला रंग पुरला नाही.”

आतून आई म्हणाली, “आणि तोंड उजवीकडे कर हो, डावीकडे बरं दिसत नाही.”