गाठीवर बिब्बा, निदानात बिब्बा

मे महिना लागला की जळगाव-भुसावळकडच्या नातेवाइकांचे ग्रुप पाऱ्याच्या आकड्यांनी आणि घरगुती उपायांनी भरून जातात. यंदा फिरतोय तो मेसेज असा: कातडीवरच्या गाठीला बिब्ब्याचं तेल लावा, कॅन्सरच्या पेशी आत्महत्या करतात, उन्हानं सोललेली कातडी म्हणजे शरीरानं टाकून दिलेला कॅन्सर, आणि सावळ्या माणसाला हा रोग होतच नाही.

पेशी स्वतःला संपवतात, हे खरंच आहे. 1972 साली केर, वायली आणि करी या संशोधकांनी त्याला अपॉप्टोसिस हे नाव दिलं. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, गाजावाजा नाही. बिब्ब्याचं तेल अंगावर सांडलं की काय होतं, ते सातपुड्यात बिबे वेचणाऱ्याला विचारा. फोड, लस, खाज, मग काळा डाग. याला जळणं म्हणतात. बिब्ब्याच्या अर्काचे प्रयोगशाळेत पेशींवर प्रयोग झालेत, मान्य. पण काचेच्या बशीतल्या पेशींखाली मांस नसतं. गाठ वरून जळते, खपली धरते आणि खालचा भाग निवांत वाढत राहतो. पुढे तुकडा तपासायची वेळ आली, की पॅथॉलॉजिस्टच्या हाती येतो जळका चोथा.

सोललेल्या कातडीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून मला तो जास्त घातक वाटतो. अतिनील किरणांनी डीएनए बिघडला की पी53 नावाचं प्रथिन आधी दुरुस्तीला सवड देतं आणि बिघाड हाताबाहेरचा असेल तर पेशीला मरायला लावतं. ऊन लागून कातडी सोलते त्यामागे अशा पेशींचं मरण असतं. पण उन्हानं पी53चा जनुकच बिघडवला तर? 1994 मध्ये उंदरांच्या कातडीवर दिसलं, की पी53 निकामी असेल तर उन्हानं पोळलेल्या पेशी फारशा मरत नाहीत. धड पेशी मरून जागा मोकळी करतात, बिघडलेली तिथे पसरते. निंदताना पीक उपटावं आणि तण राखावं, तसं. तेव्हा पापुद्रे सुटले की रोग गेला असं समजून पुन्हा भर दुपारी उघड्या अंगानं कापसात उतरू नका.

सावळ्या कातडीला मेलॅनिन या रंगद्रव्याचं संरक्षण आहे आणि तिचे कर्करोग कमी आढळतात, एवढं बरोबर. पण आपल्यासारख्यांत मेलॅनोमा हा कातडीचा कर्करोग निघतो तो बहुधा तळपायाला, तळहाताला, नखाखाली, जिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले 1981 मध्ये गेला तो पायाच्या अंगठ्यातल्या मेलॅनोमानं. शिवाय भाजल्याच्या जुन्या व्रणातही वर्षांनी कर्करोग उठतो, हेही बिब्बेवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

मी हे ग्रुपवर टाकलं तर चुलतभावाचं उत्तर आलं, "आमना आजाले काही नही व्हयनं." आजोबांनी गाठीला बिब्बा लावला होता, त्यांना काही झालं नसेलही. चामखीळ असेल, ती विषाणूनं येते आणि पुष्कळदा आपोआप जाते. आजोबांच्या गाठीचा तुकडा कुणी तपासलाच नव्हता.